अर्ज आणि निकाल यांच्या मधली वर्षे

इंदूरच्या शाहबानो खटल्याचे नाव निघाले की चर्चा तडक धर्म, समान नागरी कायदा आणि 1986 चे राजकारण यांकडे वळते. त्या गदारोळात खटल्याच्या तारखा विसरल्या जातात, आणि खरा धडा तिथेच आहे. 1975 मध्ये घराबाहेर काढल्या गेलेल्या, साठी ओलांडलेल्या या बाईने एप्रिल 1978 मध्ये इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दरमहा 500 रुपये पोटगी मागितली. नवरा वकील, त्याची कमाई वर्षाला सुमारे 60,000 असल्याचे तिचे म्हणणे होते. अर्ज प्रलंबित असतानाच, नोव्हेंबर 1978 मध्ये, त्याने तिला तलाक दिला आणि आता ही माझी बायकोच नाही, मग पोटगी कसली, असा बचाव उभा केला. ऑगस्ट 1979 मध्ये दरमहा 25 रुपये मंजूर झाले. 1980 मध्ये उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैशांवर नेले आणि सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा निकाल लागला तो 23 एप्रिल 1985 रोजी. सात वर्षे गेली. घटस्फोट इथे चालू खटल्यात उपसलेले हत्यार होते.

छळ सोसून बाहेर पडलेल्या बाईला संरक्षण हवे ते अर्जाच्या दिवसापासून, असे माझे ठाम मत आहे. निकालाबरोबर येणारे संरक्षण बहुधा उशिरा पोचते, कारण ताबा सुटल्याचा राग आणि पैशाची कोंडी याच मधल्या काळात तिच्यावर कोसळते. कायद्याने हे ओळखलेले आहे. 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात असलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक कोंडीलाही हिंसाच म्हटले. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी, अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, गरज पडल्यास समोरच्याला ऐकण्याआधीच अंतरिम आदेश द्यावा, असे त्यात आहे. माहेरी तात्पुरती राहत असली तरी तिथल्या न्यायालयात जाता येते. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर हेच संरक्षण त्याच न्यायालयात मागता येते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. हे फार मोलाचे आहे. पोटगी आदेशाच्या तारखेपासून धरली जाई तेव्हा जवाब द्यायला मुदत मागून घेतलेली प्रत्येक तारीख नवऱ्याच्या खिशात पैसे ठेवून जात असे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामोपचाराचा. न्यायालयाने संसार जोडावा, मोडू नये. आल्या दिवशी आदेश काढले तर समेटाची वाटच बंद होते, असे चांगली माणसेही म्हणतात. पण जिथे एक बाजू दुसरीला घाबरते तिथे समेट होत नाही, शरणागती होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेच 30 जुलै 2020 रोजी विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अशी अट घातली होती की त्याने पत्नीसह मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून 11,000 रुपये द्यावेत. हेतू कदाचित सलोख्याचा असेल. पण जिने तक्रार केली तिच्याच उंबरठ्यावर त्याला पाठवले गेले. 18 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती खानविलकर आणि रवींद्र भट यांच्या पीठाने ती अट रद्द केली आणि आरोपीचा फिर्यादीशी संपर्क घडेल अशा अटी घालू नयेत, तडजोड सुचवू नये, असे बजावले. ते प्रकरण घटस्फोटाचे नव्हते, पण वृत्ती तीच: नाते दुरुस्त केले की इजा पुसली जाते. कुटुंब न्यायालय कायदासुद्धा तडजोडीचा प्रयत्न प्रकरणाचे स्वरूप पाहून, शक्य असेल तिथेच करायला सांगतो. हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांनुसार तर समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची प्रतिवादीला मुभाच नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खोट्या तक्रारी होतात, निरपराध सासूसासरे भरडले जातात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने पत्नीच्या छळाच्या तक्रारींतील सरसकट अटकेला लगाम घातला, ते योग्यच झाले. मात्र अटक वेगळी आणि राहत्या घरातून हाकलू नये हा आदेश वेगळा. अंतरिम आदेश परिस्थिती बदलल्यास बदलता किंवा रद्द करता येतो, प्रतिज्ञापत्र खोटे निघाल्यास तिच्यावरही कारवाई होऊ शकते. चुकून दिलेल्या आदेशाने काही महिन्यांचे पैसे जातात. चुकून नाकारलेल्या आदेशाने बाई त्याच घरात परतते, अर्ज मागे घेते, आणि कागदावर ते प्रकरण ‘आपसात मिटले’ म्हणून नोंदले जाते. आक्षेप घेणाऱ्यांनी या दोन चुका एका तराजूत घालू नयेत.

नवा कायदा कुणी मागत नाही. आहे तो पहिल्या तारखेला वापरला जावा. त्या दिवशी न्यायाधीशांनी तिला थेट विचारावे: आज रात्री कुठे राहणार, आणि खर्च कोण देणार? हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला इतर खात्यांच्या कामांतून मोकळे करून हे काम द्यावे, दोघांना एकाच व्हरांड्यात समोरासमोर ताटकळत ठेवू नये, आणि त्या दोन प्रश्नांवर आदेश होईपर्यंत नवऱ्याला पुढची तारीख मिळू नये.