शुगरच्या पट्ट्या माठाजवळून आजच हलवा

बुऱ्हाणपूर, शाहपूर, नेपानगर, खकनार या भागात ज्यांच्या घरी शुगर तपासायची मशीन आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. नवतपा तोंडावर आला आहे. पारा चाळिशीच्या वर गेलाच आहे, आणि उन्हापाठोपाठ मृगाचा पाऊस दमट हवा घेऊन येईल. मशीनच्या पट्ट्या खराब होण्याचे हेच दिवस. पट्टी खराब झालेली डोळ्यांना दिसत नाही. रंग तोच, डबी तीच, छापलेली तारीखही संपलेली नसते. आकडा मात्र भलताच येतो, आणि त्या आकड्यावर आपण इन्सुलिन ठरवतो.

आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हेच झालं. आईची मशीन, पट्ट्यांची डबी आणि इन्सुलिनचं पेन एकाच डब्यात, माठाला टेकून ठेवलेलं. समोर कूलर. इन्सुलिनला गारवा हवा म्हणून ही जागा मीच निवडली होती. एका सकाळी उपाशीपोटी २८६ आले. आईला त्रास काहीच नव्हता, रात्रीचं जेवणही रोजचंच. ती म्हणाली, "दोन युनिट वाढवून घेऊ का रे?" मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात डबीकडे लक्ष गेलं. झाकण अर्धवट लागलेलं, आणि कडेवर पाण्याचा बारीक थेंब. धावत जाऊन नवी डबी आणली, तिला हात धुवायला लावले, पुन्हा तपासलं. १४८. ती दोन युनिटं जास्तीची गेली असती तर दुपारपर्यंत काय झालं असतं, या विचारानं आजही झोप उडते.

चूक माझी एकट्याची नाही, घराघरात हीच आहे. शुगरचं सगळं सामान आपण एका डब्यात ठेवतो. पण त्यातल्या दोन वस्तूंचे स्वभाव उलटे आहेत. इन्सुलिनला गारवा लागतो: न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. फ्रिज नसेल तर माठाचा किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा आधार घेतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात तो उपयोगीही पडतो. पट्टीला मात्र कोरडेपणा लागतो. तिच्या टोकावर एंझाइमचा पातळ थर असतो. रक्तातली साखर त्याला भेटली की वीज तयार होते आणि मशीन ती मोजते. हवेतल्या ओलीनं आणि उष्णतेनं हा थर आधीच बिघडला, तर आकडा कधी जास्त येतो, कधी कमी. म्हणूनच डबीत ओल शोषणारा पदार्थ घातलेला असतो. झाकण उघडं राहिलं की तो लवकर दमतो.

पट्ट्या फ्रिजमध्येही नकोत. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच गार डबी गरम खोलीत उघडली की पट्ट्यांवर सुटतो. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्या घरात तेवढं कुठे राहतं? म्हणून पश्चिमेची भिंत सोडा, स्वयंपाकघर सोडा, कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा निवडा. पट्टी काढली की त्याच क्षणी झाकण दाबा. उघडल्याची तारीख डबीवर लिहा, कारण उघडल्यावर किती महिने चालतील ते कंपनीगणिक वेगळं असतं. उन्हाळा-पावसाळ्यात ५० ऐवजी २५ची डबी घ्या, थोडी महाग पडली तरी. पट्ट्या सुट्या करून शेजाऱ्याला देऊ नका, हे प्रेमापोटी फार होतं.

लूमवर जाणाऱ्या भावांनो, पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेल्या पिशवीत डबी ठेवू नका. गाडीची डिक्की तर भट्टीच असते. मशीनलाही मर्यादा आहे. पुष्कळ मशीन ४० अंशांपुढे आकडा दाखवतच नाहीत, एरर दाखवतात. सावलीत अर्धा तास ठेवून मग तपासा. केळीच्या बागेतून आलेल्यांनी आधी हात पाण्यानं स्वच्छ धुवावेत. फळ सोललेल्या बोटावर साखर राहते आणि आकडा फुगतो. नुसतं स्पिरिट लावून ती पुरती जात नाही.

मेडिकलवाल्या बंधूंना हात जोडून सांगतो, पट्ट्या उन्हात येणाऱ्या काचेच्या कपाटात लावू नका. आशाताई आणि एएनएम भगिनी भर दुपारी गावोगाव फिरून शुगर तपासतात. त्यांच्या पिशवीतली डबी उन्हात तापू नये, ही काळजी त्यांच्या वरिष्ठांनी घ्यायला हवी.

शंका आली तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्याल त्याच वेळी आपल्या मशीनवरही बघा. शुगर १०० च्या वर असेल तर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्याखाली १५ अंकांपर्यंत. जास्त फरक निघाला तर ती डबी फेका, पैशांकडे बघू नका. आकडा आणि तब्येत जुळत नसेल तर त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवू नका; नव्या पट्टीवर तपासा, डॉक्टरांना विचारा. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर मशीन काहीही म्हणो, माणूस शुद्धीवर असताना तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

हे वाचून झालं की लगेच उठा. डबी कुठे आहे बघा, माठाजवळ असेल तर हलवा, झाकण दाबा. आणि शेजारच्या ज्या आजी-आजोबांना डबीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, त्यांच्या घरी आज संध्याकाळीच जाऊन त्यांचीही डबी पाहून या.