पोहता येतं, म्हणून लाइफ जॅकेट नको?

"डॉक्टर, मला पोहता येतं. जॅकेट कशाला?" सुट्टीत तारकर्लीला किंवा गोव्याला निघालेले पेशंट मला हे हसत सांगतात. मला हसू येत नाही.

पोहता येतं ते शुद्धीवर असलेल्या माणसाला. लहान मोटारबोट वेगात वळली की उभा असलेला माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. डोकं काठावर आपटलं, तर विहिरीत शिकलेलं पोहणं काय कामाचं? ऑक्सिजन थांबल्यावर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

"जॅकेटं सीटखाली आहेत की!" हे उत्तरही ऐकून घेऊ नका. पाण्यात पडल्यावर जॅकेट अंगात चढवणं फार कठीण असतं. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे अलीकडचे अहवाल पाहा: बोट-अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं.

म्हणून बोट सुटण्याआधीच जॅकेट घाला, सगळे पट्टे आवळा. मुलांना त्यांच्याच मापाचं द्या; मोठ्यांचं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं. खाली बसा. दारू प्यायला असाल तर बोटीत चढू नका. तोल आणि भान दोन्ही जातात. बोट स्वतः चालवत असाल, तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा. तुम्ही पडलात की इंजिन थांबेल, पंखा तुम्हाला कापणार नाही.

बोटवाला जॅकेट देत नाही? उतरा. भाडं बुडालं तर बुडू द्या.