विधेय नीट मांडा

'दिंडोशी मेट्रो ७ वर आहे.' शाळेतले व्याकरण मुंबईतल्या मेट्रो स्थानकाविषयीच्या या वाक्याचे दोन भाग करते: 'दिंडोशी' हे उद्देश्य आणि उरलेले विधेय. तर्कशास्त्र याच्या पुढे जाते. १८७९ साली गोटलोब फ्रेगे यांनी विधेयाकडे गणितातल्या फलनाप्रमाणे पाहिले. 'क्ष मेट्रो ७ वर आहे' असे लिहा. क्षच्या जागी आरे ठेवले तर विधान सत्य, मुलुंड ठेवले तर असत्य.

कलनात या मांडणीचा खरा कस लागतो. दिंडोशीहून आरेकडे निघालेल्या गाडीचा एका क्षणाचा वेग म्हणजे काय? क्षणात अंतर शून्य आणि वेळही शून्य. म्हणून कालावधी लहान लहान करत सरासरी वेग कोणत्या संख्येकडे झुकतो, ते पाहायचे; ती संख्या म्हणजे सीमा. 'कितीही बारीक चूकमर्यादा सांगा, तिच्यासाठी पुरेसा लहान कालावधी सापडतोच,' ही सीमेची अट. क्रम उलटवून 'एकच कालावधी प्रत्येक चूकमर्यादेला पुरतो' असे म्हटले, की अर्थच बदलतो. हा घोटाळा आकडेमोडीचा नाही, वाक्यरचनेचा आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी (१८१२-१८४६) 'बालव्याकरण' लिहिले आणि 'शून्यलब्धि' हे कलनावरचे पुस्तकही. आज मात्र भाषेच्या आणि गणिताच्या तासाची एकमेकांशी ओळखही उरलेली नाही. ती करून देण्यासाठी हा अंक. शिक्षक-पालकांना एकच विनंती: सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना ते पूर्ण मराठी वाक्यात सांगायला लावा.