लोणारचे गुलाबी पाणी

२०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले. छायाचित्रे घरोघर पोचली आणि 'चमत्कार' हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा रंगाचा उलगडा झाला. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. त्यात हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव बेसुमार वाढले आणि त्यांच्यातील रंगद्रव्याने सरोवर रंगले. पावसाने खारटपणा उतरला, तसा रंगही ओसरला.

छायाचित्र पाहिलेल्यांपैकी हा उलगडा वाचणारे किती असतील?

याचा दोष केवळ वृत्तपत्रांना देता येणार नाही. कारण कळले की विस्मय सरतो, असे आपण साहित्याची माणसेही मनातून मानतो. 'कवितेचा अर्थ फार उकलू नये', हे वर्गात ऐकू येणारे मत त्याच समजुतीतून येते. वस्तुतः विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव आहे. उत्तर मिळताच विरून जाते ते निव्वळ कुतूहल. उल्कापाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेल्या विवरात, डोळ्यांना न दिसणारे जीव अख्खे सरोवर रंगवतात, हे चमत्काराहून कमी अद्भुत आहे काय?

म्हणून अशी नवलाची बातमी विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. मात्र तिच्या कारणासह सांगावी. कारण गाळलेले नवल अफवेच्या फार जवळ असते.