काट्याला नको असलेला फरक

भिवंडीजवळच्या दापोड्यात गोदामाकडे निघालेला ट्रक आधी वजनकाट्यावर चढतो. हा इलेक्ट्रॉनिक काटा दिल्लीत जुळवून तसाच इथे आणून बसवला, तर 20 टनांच्या ट्रकमागे दहाएक किलो कमी दाखवील. यात कोणी काटा मारलेला नसतो. भिवंडीत गुरुत्वाकर्षणच दिल्लीपेक्षा किंचित कमी आहे. म्हणून काटा बसवल्या जागीच प्रमाणित वजनांनी जुळवतात, वैधमापन निरीक्षक त्यावर वर्षाचा शिक्का मारतो आणि हा फरक हिशेबातून निघून जातो.

काट्याला नको असलेला हाच फरक मोजण्यासाठी अणू कामाला लावता येतात. रुबिडियमचे अणू लेझरने जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड करून खाली पडू द्यायचे. पडता पडता त्यांना लेझरचे तीन फटके द्यायचे: पहिला प्रत्येक अणूची तरंगरूपी वाट दुभंगतो, दुसरा दोन्ही वाटा एकमेकींकडे वळवतो, तिसरा त्या एकत्र आणतो. तेव्हा होणाऱ्या व्यतिकरणातून गुरुत्वाचा आकडा निघतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कासेविच आणि चू यांनी 1991 साली हेच तंत्र सोडियमच्या अणूंवर करून दाखवले. 1999 पर्यंत स्टॅनफर्डमधली अचूकता अब्जात 3 भागांवर आली होती. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी तर अशा उपकरणाने जमिनीखालचा बोगदा शोधला.

आता आपल्याकडचे, भूजलाचे गणित. जमिनीखाली मीटरभर पाण्याचा थर वाढला की वरचे गुरुत्व अब्जात सुमारे 43 भागांनी वाढते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींत आणि मुरमात साठते, त्यामुळे खरा थर बराच पातळ. भरतीओहोटी घडवणारी चंद्रसूर्याची ओढही वजा करावी लागेल. तरीही 20 सेंटीमीटरचा थर आवाक्यात आहे. निरीक्षण विहीर पाण्याची पातळी सांगते. खडकात एकूण पाणी किती साठले, हे त्या पातळीवरून थेट कळत नाही.

2023 च्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी 6003.65 कोटी रुपये मंजूर आहेत. तिच्या जाहीर उद्दिष्टांत चुंबकक्षेत्रमापक आहेत, अणुघड्याळे आहेत. भूजलाचा उल्लेख नाही. मोहिमेचे संवेदन व मापन केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, थंड अणूंवर काम करणारी प्रयोगशाळा पुण्याच्या आयसरमध्ये आहे आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही पुण्यातच आहे. या तिघांनी एकत्र बसावे. देशी बनावटीचा पहिला फिरता गुरुत्वमापक मराठवाड्यातल्या एखाद्या निरीक्षण विहिरीशेजारी उभा करावा. याच तंत्राने पाणबुड्यांना वाट दाखवण्याची पाळी त्यानंतर.