पैसे मोजणाऱ्यालाच कुलूप

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेलं. आमच्या आळीत वीज आली चौथ्या दिवशी, इंटरनेटला आणखी आठवडा लागला. पुतण्या गेम लावून बसला. गेम एकट्याने खेळायचा, पूर्ण उतरवून घेतलेला, खाऊचे पैसे साठवून विकत घेतलेला. स्क्रीनवर मात्र एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही. शेजारच्या मुलाकडे तोच गेम क्रॅक केलेला, म्हणजे ही तपासणी काढून टाकलेला होता आणि तो बिनघोर खेळत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

कंपन्या म्हणतात, गेम असा अडवून धरणारी ही कुलपं चोरांसाठी आहेत. साफ खोटं! चोराच्या हाती गेम पडतो तो कुलूप काढलेलाच. जाच होतो तो पावती असलेल्याला.

माझ्या कपाटात गेमच्या जुन्या डीव्हीडी आहेत. कोकणातल्या पावसाळी हवेत त्यांच्या कडेने पांढुरकी बुरशी धरते आणि जाळीसारखी आत सरकत जाते. गेम सगळा हार्ड डिस्कवर असतो, तरी दर वेळी ‘डिस्क घाला’ म्हणून अडून बसतो. बरं, डिस्क आरशासारखी लख्ख असली तरी काय? सेफडिस्क नावाचं कुलूप 2015 साली आलेल्या विंडोज 10 ने चालवायचंच बंद केलं. डिस्क अस्सल, पावती अस्सल, आणि गेम उघडत नाही. तो उघडतो मग क्रॅकने.

आणि क्रॅकच्या नावाने बोटं मोडणारे स्वतः काय करतात? 2008 साली युबिसॉफ्टने ‘रेनबो सिक्स व्हेगास 2’च्या डिस्कशिवाय विकलेल्या प्रतींसाठी दुरुस्ती दिली. तिच्यात निघाली ‘रिलोडेड’ या क्रॅक करणाऱ्या टोळीचीच फाइल. याच कंपनीने 2014 चा ‘द क्रू’ मार्च 2024 अखेर बंद केला. एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण तोही सर्व्हरला बांधलेला. पुढे चाहत्यांनीच स्वतःचा सर्व्हर उभारून तो जिवंत केला.

क्रॅकच्या फाइलींतून व्हायरस येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच संताप होतो. पैसे मोजलेल्या माणसाला या गल्लीत ढकललं कोणी?

आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65-ए आलं. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हक्कभंगाच्या इराद्याने, हे शब्द कायद्यातलेच आहेत. कलम 52 तर विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवायलाही मुभा देतं. मी विकत घेतलेला गेम मी चालवतो, यात कोणाचा कोणता हक्क बुडाला ते कंपनीने मला सांगावं. आणि सर्व्हर बंद करायचा असेल, तर त्याआधी कुलूप काढून द्यावं.

वादळानंतरच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी मीच शेजारी गेलो, पेन ड्राइव्ह मागून आणला आणि पुतण्याच्या गेमचं कुलूप काढलं. त्या गेमचं बिल आजही त्या डीव्हीडींशेजारी ठेवलेलं आहे.