कष्टाचे मोल

संकटांवाचून माणूस घडत नाही, हे वचन सुखवस्तू माणसांच्या तोंडी नेहमी असते. परंतु ते अर्धसत्य होय. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथील मुलांनी शेतात घाम गाळला; पण त्या घामास अन्न, निवारा व विद्या यांची जोड होती. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. कष्ट माणसास घडवितात, उपासमार त्यास खचविते. आजही गरीब विद्यार्थ्यास कष्टांचा उपदेश करणाऱ्या समाजाने प्रथम त्याच्या ताटाची व छपराची तरतूद करावी. एरव्ही कष्टांचे गुणगान म्हणजे स्वतःच्या कर्तव्यास दिलेली बगलच होय.